कला हातात आहे, आता दाखला हवा



शहादा तालुक्यातील कळसाडीहून एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांची मुलगी यंदा कला शाखेतून बारावी झाली. चौदा एप्रिल जवळ आली की विहाराची भिंत तीच रंगवते आणि बुद्धवंदना संपली की गाणे तीच धरते. जवळच्या एका आश्रमशाळेत तिने लहान मुलांकडून चित्रे काढून घेतली. तेव्हा कित्येक दिवस कोणाशी न बोललेले एक पोर हळूच तिच्या शेजारी येऊन बसले. त्या दिवसापासून मुलीने एकच धरले आहे, ‘मला आर्ट थेरपिस्ट व्हायचे आहे.’ मोबाईलवर तिला एक जाहिरातही सापडली. दोन महिन्यांचा घरबसल्या वर्ग, फी पस्तीस हजार रुपये आणि शेवटी ‘प्रमाणित कला-उपचारक’ असे प्रमाणपत्र. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार आहेत. आई विचारते, ‘कानातले मोडावे का?’

ताई, कानातले मोडू नका. मात्र मुलीला ‘हे कसले खूळ’ असेही म्हणू नका. तिला जे काम करावेसे वाटते ते खरे काम आहे. जगात त्याचे शिक्षण आहे, आपल्या देशाच्या कायद्यात त्याचे नाव आले आहे आणि आपल्या वस्त्यांना त्याची गरज आहे. फक्त तिथे जाण्याची वाट दोन महिन्यांची नाही. ही वाट कोणती, ते आज आम्ही सविस्तर सांगणार आहोत. अशी मुले-मुली आपल्या अनेक घरांत आहेत, म्हणून हे उत्तर सर्वांसाठी आहे.

हे काम नेमके कोणते?

आजाराने, अत्याचाराने, घरातल्या दारूने, जवळच्या माणसाच्या मृत्यूने किंवा जन्मजात अपंगत्वाने ज्याचे मन कोंडले आहे, त्याला चित्र, माती, गाणे, ठेका, नाच, नाटक यांच्या साह्याने मोकळे होण्यास मदत करायची. ती मदत ठरवून, नोंद ठेवून, शिकलेल्या पद्धतीने करायची. याला कला-उपचार म्हणतात. कोणी चित्राने करतो, कोणी संगीताने, कोणी नृत्याने, कोणी नाट्याने.

चित्रकलेचा शिक्षक मुलाचे चित्र सुधारतो. कला-उपचारक चित्र सुधारत नाही. तेथे गुण नाहीत, बक्षीस नाही, ‘छान काढलेस’ ही शाबासकीसुद्धा जपून वापरायची. मुलाने घर काढले आणि घराला दार काढलेच नाही, तर उपचारक दार काढायला सांगत नाही. तो विचारतो, ‘या घराबद्दल काही सांगतोस का?’ आणि मूल गप्प राहिले तर तोही शांत बसतो. पुढच्या आठवड्यात त्याच वेळी, त्याच जागी तो पुन्हा हजर असतो. मुलाला भरवसा वाटायला हे हजर असणे फार उपयोगी पडते.

अर्धवट शिकलेला माणूस येथे घात करतो. मुलाने काळा रंग वापरला की हा लगेच सांगतो, ‘याच्या मनात मरणाचे विचार आहेत.’ आता आश्रमशाळेच्या खडूच्या डबीत काळाच खडू शिल्लक असेल, हे त्याच्या लक्षातच येत नाही! चित्राचा अर्थ लावण्याची घाई करायची नाही, हा या विद्येतला पहिला धडा आहे.

हा धडा आपल्याला नवा नाही. किसा गोतमीची कथा आपल्या घराघरांत माहीत आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात भगवंतांच्या दुःखनिवारक रूपाबद्दल लिहिताना ती घेतली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. तथागतांनी तिला अनित्यतेवर प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, एवढेच सांगितले. ती दारोदार गेली. प्रत्येक दारात तिने विचारले, प्रत्येक दारातले दुःख ऐकले आणि मोहरी न घेताच परत आली, पण तोवर तिला कळायचे ते कळले होते. तिला तिच्या पायांनी चालू दिले, तिच्या कानांनी ऐकू दिले. चांगला उपचारक हेच करतो. तो शहाणपण सांगत बसत नाही. समोरच्याच्या हाताला असे काम देतो की त्याचे त्यालाच उमजत जाते.

ही विद्या कुठून आली?

कला दुःख हलके करते, हे माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. पण त्याचा स्वतंत्र व्यवसाय झाला तो विसाव्या शतकात. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयरोगाने आजारी पडला. सॅनिटोरियममध्ये पडल्यापडल्या तो चित्रे काढू लागला, मग शेजारच्या खाटांवरील रुग्णांनाही काढायला लावू लागला. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्याने १९४२ साली वापरात आणला असे मानतात. दुसऱ्या महायुद्धात मन मोडलेले सैनिक इस्पितळांत भरले होते, त्यामुळे या कामाला जोर आला. ब्रिटनमध्ये १९६४ साली आणि अमेरिकेत १९६९ साली या उपचारकांच्या संघटना झाल्या.

आज ब्रिटनमध्ये चित्र, संगीत आणि नाट्य उपचारकांना सरकारमान्य परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. नोंदणी नसताना ती पदवी लावणे हा तेथे गुन्हा आहे. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागते, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रुग्णांबरोबर काम करावे लागते. विद्यार्थ्याला स्वतःलाही उपचार घेण्यासाठी बसावे लागते. स्वतःची जखम न पाहता दुसऱ्याची जखम उघडायला बसलेला माणूस दोघांनाही अडचणीत आणतो, म्हणून ही अट.

या उपचाराचा गुण येतो का, असा रास्त प्रश्न कोणी विचारील. उदासपणाच्या आजारावर नेहमीच्या औषधोपचाराला संगीत-उपचाराची जोड दिली तर निदान थोड्या काळासाठी फायदा होतो, असे २०१७ साली अनेक प्रयोगांचा एकत्र अभ्यास करणाऱ्यांना आढळले. उलट ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गटाने केलेल्या चित्र-उपचाराचा ठळक फायदा दिसला नाही. म्हणजे हे रामबाण औषध नाही. ज्याला भास होतात, जो जीव देण्याची भाषा करतो, त्याला आधी मनोविकारतज्ज्ञाकडेच न्यावे. ‘गोळ्या बंद करा, आमच्याकडे चित्रे काढा’ असे सांगणाऱ्याला आपण दारातूनच नमस्कार करावा. चिकित्सा करून मगच स्वीकारावे ही भगवंतांची शिकवण आहे, ती येथेही लागू आहे.

आपल्या घरातला वारसा

हे सगळे वाचून काही आजीबाई म्हणतील, ‘हे तर आम्ही जात्यावर करत होतो!’ खरे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्यांत सासुरवास आहे, मेलेल्या लेकराची आठवण आहे आणि भीमरायाच्या ओव्याही आहेत. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी तर आयुष्यभर गाण्यातून वाकलेल्या माणसाला ताठ उभे केले. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून चोरून लिहीत आणि लिहिलेले कागद घरच्यांपासून लपवून ठेवीत. तब्बल वीस वर्षे ते लिखाण दडून राहिले आणि मग १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले. आपल्या खान्देशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचे नाव आहे.

तेव्हा कलेने दुःख सोसण्याचे बळ येते हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. तरीही ओवी गाणारी आजी आणि कला-उपचारक यांत एक फरक आहे. आजी स्वतःचे दुःख गात होती. उपचारक दुसऱ्याचे दुःख जबाबदारीने हाती घेतो. मुलीने चित्र काढता काढता घरातला अत्याचार बोलून दाखवला, तर पुढे काय करायचे? तिला घरी कसे पाठवायचे, कोणाला सांगायचे, कोणाला सांगायचे नाही? अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे ज्याला माहीत नाही, त्याने अशा मुलीचे मन उघडूच नये. शिक्षण लागते ते यासाठी.

डफडे आणि ढोल

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती आपल्या समाजाने नीट ऐकावी. पुस्तकात लिहिलेले असते की एकत्र ठेका धरला की माणसाचा ताण उतरतो, गट एकजीव होतो. हे बरोबरच आहे. पण वाद्य कोणाच्या हाती देतो आहोत, हेही पाहावे लागते.

आपल्या कितीतरी गावांत डफडे आणि वाजंत्री हे जातीने लादलेले काम होते. सणाला, लग्नाला, मेलेल्याच्या पुढे वाजवायचे आणि उरलेसुरले अन्न घ्यायचे. १९५६ च्या धर्मांतरानंतर कितीतरी ठिकाणी आपल्या वाडवडिलांनी ते वाजवणे नाकारले आणि त्यासाठी बहिष्कार व मार सोसला. अशा घरातला एखादा म्हातारा व्यसनमुक्ती केंद्रात आला आणि एखाद्या उत्साही उपचारकाने त्याच्या हातात डफडे दिले, तर त्याच्या मनात काय उसळेल? इतर मंडळी टाळ्या वाजवतील आणि तो खाली मान घालून बसेल. उपचारक वहीत लिहील, ‘सहकार्य करीत नाही.’

याच नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या अंगाला ढोलाची गोष्ट वेगळी आहे. काठीच्या होळीला भिल्ल-पावरा बांधवांचा ढोल रात्रभर घुमतो आणि तो त्यांचा अभिमान आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यातील शंभरातले सुमारे एकोणसत्तर लोक अनुसूचित जमातीचे आहेत. आश्रमशाळेतले घर सोडून आलेले पोर ढोलाच्या आवाजाने कदाचित हसेल, कदाचित घराच्या आठवणीने रडेल. डफड्यालाही कातडे आणि ढोलालाही कातडेच, पण एका घरात त्याच्यामागे अपमान आहे आणि दुसऱ्या घरात मान. शहरातून आलेल्या उपचारकाला हे माहीत असेलच असे नाही. कळसाडीच्या मुलीला ते आपोआप माहीत आहे. तिला मराठी येते, अहिराणी कानावर आहे, शेजारच्या भिली बोलीतले चार शब्द येतात. पोर कोणत्या बोलीत रडते ते तिला कळते.

म्हणून आम्ही म्हणतो की या व्यवसायात आपली मुले-मुली गेलीच पाहिजेत. पण त्यांनी पूर्ण शिकून जावे. जातीचा अनुभव असला म्हणजे शिक्षण नको असे नाही. उलट, स्वतःच्या घरातली जखम जवळ असल्यामुळे आपल्याला देखरेखीची आणि स्वतःच्या मनाच्या तयारीची गरज जास्तच आहे.

हे काम करणारी माणसे

कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती या समाजशास्त्र शिकलेल्या नर्तिकेने २००४ साली ‘कोलकाता संवेद’ ही संस्था उभी केली. देहविक्रीच्या बाजारात विकल्या गेलेल्या आणि तेथून सुटलेल्या मुलींबरोबर तिने नृत्य आणि शरीराच्या हालचालींतून काम केले. ज्या शरीरावर अत्याचार झाला ते शरीर पुन्हा आपले वाटावे, हा हेतू. पुढे त्यांतल्याच काही मुली शिकून इतरांना शिकवू लागल्या. आपल्या दृष्टीने ही सर्वांत मोलाची बाब आहे. ज्यांना उपचाराची गरज होती त्याच पुढे उपचार करणाऱ्या झाल्या. याच संस्थेच्या सहकार्याने मुंबईत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने नृत्य-हालचाल उपचाराचा पदविका अभ्यासक्रम आणला. पुण्याच्या ‘वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग फाउंडेशन’ने संगीत, नाट्य आणि चित्र यांना एकत्र गुंफून कला-आधारित उपचाराचे प्रशिक्षण उभे केले. प्रवेश कोणत्या वर्षी खुला आहे, फी किती आहे, पूर्वीचे शिक्षण किती लागते, हे त्या-त्या संस्थेकडे थेट विचारावे. मधल्या माणसावर विसंबू नये.

पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी सुरू केले. औषध आणि समुपदेशन यांच्या जोडीला गाणे, खेळ, गटात मन मोकळे करणे हे तेथील उपचाराचे अंग आहे. दारूने किती घरे बसली हे कामगार वस्तीला सांगावे लागत नाही. अशा केंद्रांत कला जाणणाऱ्या आणि माणूस जाणणाऱ्या हातांना काम आहे.

कायदा काय सांगतो?

संसदेने २०२१ साली ‘राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग’ कायदा केला. त्याच्या परिशिष्टात ‘मूव्हमेंट थेरपिस्ट’ या नावाखाली कला, नृत्य व हालचाल उपचारकाचा उल्लेख आहे. कायद्यात नाव येणे ही मोठी गोष्ट आहे. पण यादीत नाव येणे वेगळे आणि परिषदेची नोंदवही उघडून त्यात माणसांची नावे चढणे वेगळे. त्यामुळे कोणत्याही अभ्यासक्रमाला पैसे भरण्याआधी ‘या कायद्याखाली याची नोंदणी होईल का, लेखी द्या’ असे विचारावे.

याच कायद्यात तासांचे मापही दिले आहे. ‘सहयोगी आरोग्य व्यावसायिक’ म्हणवण्यासाठी किमान २००० तासांचे, दोन ते चार वर्षांत पसरलेले शिक्षण हवे. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवण्यासाठी किमान ३६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची पदवी हवी. आता दोन महिन्यांच्या वर्गाचा हिशेब करा. रोज दोन तास शिकवले तरी एकशेवीस तास होतात. पस्तीस हजारांत मिळणारा तो कागद भिंतीवर लावता येईल, पण त्यावर कोणी नोकरी देईल असे आम्हांस वाटत नाही.

आणखी एक सूचना. नोकरी करता करता घरबसल्या मानसशास्त्राची पदवी घ्यावी, असा सल्ला पूर्वी दिला जाई. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये या कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत असा आदेश काढला आणि त्यात मानसशास्त्रही आहे. म्हणून ‘घरबसल्या मानसशास्त्र’ अशी नवी जाहिरात दिसली तर सावध राहावे.

कळसाडीहून निघणारी वाट

सरकारी भरतीच्या जाहिरातीत ‘कला-उपचारक’ असे पद सहसा दिसत नाही. काम मिळते ते विशेष मुलांच्या शाळेत, व्यसनमुक्ती केंद्रात, इस्पितळात, सेवाभावी संस्थेत, आणि पुष्कळदा अर्धवेळ. म्हणून जिच्या जोरावर पोट भरेल अशी एक पक्की पदवी आधी घ्यावी आणि कला-उपचाराचे शिक्षण तिच्यावर चढवावे. आमच्या मते वाटा तीन आहेत.

पहिली वाट मानसशास्त्राची. शहादा, नंदुरबार, धुळे, जळगाव यांपैकी ज्या महाविद्यालयात बी. ए. ला मानसशास्त्र आहे तेथे प्रवेश घ्यावा, पुढे एम. ए. करावे.

दुसरी वाट समाजकार्याची. पदवीनंतर दोन वर्षांचे एम. एस. डब्ल्यू. खान्देशात समाजकार्य महाविद्यालये आहेत. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आणि मुंबईत निर्मला निकेतन व टाटा संस्था आहेत. या शिक्षणात आठवड्यातील काही दिवस वस्तीत, इस्पितळात जाऊन काम करावे लागते. हा अनुभव कला-उपचारात सोन्यासारखा उपयोगी पडतो.

तिसरी वाट विशेष शिक्षणाची. भारतीय पुनर्वास परिषद ही १९९२ च्या कायद्याने चालणारी संस्था आहे. तिच्या मान्यतेचा विशेष शिक्षणातील पदविका अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो आणि परिषदेकडे नोंदणी होते. घरची परिस्थिती लवकर कमावते व्हायला सांगत असेल तर ही वाट जवळची.

पैशाचे काय? १९९० साली घटना आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळू लागल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरावा. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला हे कागद बारावीच्या वर्षातच तयार ठेवावेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. पुण्याच्या बार्टी संस्थेच्या योजनांवरही लक्ष ठेवावे. पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाण्याची जिद्द असेल तर राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. मात्र ध्यानात ठेवा, शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त संस्थेच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते. मोबाईलवरच्या त्या वर्गाला शिष्यवृत्ती नाही, यातच त्याची किंमत कळते.

फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

कोणत्याही संस्थेत कला-उपचाराचा वर्ग लावण्यापूर्वी हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

१. एकूण तास किती, आणि त्यांतले प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे किती?

२. माझे काम कोण पाहणार? त्या व्यक्तीचे स्वतःचे शिक्षण काय?

३. प्रमाणपत्र देणारे विद्यापीठ किंवा परिषद कोणती?

४. मागच्या तुकडीतील विद्यार्थी आज कोठे काम करतात? त्यांपैकी दोघांशी बोलता येईल का?

५. मध्येच अडचण आली तर फी परत मिळेल का?

प्रामाणिक संस्था या प्रश्नांनी रागावत नाही. ‘आजच पैसे भरा, उद्या फी वाढेल’ असे उत्तर आले तर उठून यावे.

तोवर गावात काय करावे?

शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलीने हात बांधून बसावे असे नाही. विहारात रविवारी मुलांचा कलावर्ग घ्यावा. त्याला ‘कलावर्ग’च म्हणावे, ‘थेरपी’ म्हणू नये. खोलीचे दार उघडे असावे आणि दुसरी एक मोठी बाई तेथे असावी. मुलांची चित्रे व्हॉट्सअॅपवर टाकू नयेत. कोणाला ‘सांग, काय झाले?’ म्हणून खोदून विचारू नये. एखाद्या मुलाने आपण होऊन त्रास सांगितला तर शांतपणे ऐकावे आणि जाणत्या माणसाला सोबत घेऊन १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर विचारावे. मोठ्या माणसाचे मन बिघडले असेल तर १४४१६ हा टेली-मानस क्रमांक आहे. केंद्र सरकारने तो १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केला, तो विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. हे दोन्ही क्रमांक विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावेत. भिंत रंगवणारी आपल्याकडे आहेच.

मुलीने एक वहीही ठेवावी. आज किती मुले आली, काय केले, स्वतःला काय वाटले, कुठे गोंधळ झाला, हे चार ओळींत लिहावे. पुढे मुलाखतीला बसेल तेव्हा ही वही तिच्या उपयोगी पडेल.

वडीलधाऱ्यांना आमचे सांगणे आहे की ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे काम करणार का?’ असे बोलून पोरींचा उत्साह मारू नका. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हाताने आंघोळ घातली. आजाऱ्याची सेवा हे आपल्या धम्मात हलके काम कधीच नव्हते, मग आजार अंगाचा असो की मनाचा.

गावातील नोकरदार बांधवांनाही एक विनंती आहे. बाबासाहेबांनी आपल्याला उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले. कळसाडीसारख्या गावातील एका मुलीचा एस.टी.चा पास, वसतिगृहाची अनामत आणि पुस्तके एवढा भार चार-पाच नोकरदार घरांनी मिळून उचलला, तर कोणत्याही आईला कानातले मोडावे लागणार नाही. यंदाच्या वर्षावासात विहार समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि ठराव लिहून काढावा. प्रवेशाच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत.

मंगल कामनांसह,
जयभीम, नमो बुद्धाय.